तुरीवरचा भुंगा आणि फुलाच्या बुडाशी पडलेलं भोक

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. सोयाबीन निघालं, त्यातली आंतरपिकाची तूर आता भर फुलोऱ्यात आहे. झाडाखाली फुलांचा सडा पडतोय आणि फुलांवर दिवसभर मोठे काळे भुंगे घोंगावताहेत. दारातल्या पिवळ्या टेकोमाच्या फुलांना हेच भुंगे बुडाशी चिरा पाडून रस पितात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तुरीची फुलं उचलून पाहिली, तर काहींना बुडाशी भोकं सापडली. आता भुंग्यासाठी औषध आणून या आठवड्यात फवारणी घ्यावी का, असं ते विचारतात. घराच्या लाकडी वाशांनाही तेच भुंगे पोखरतात, त्यावर काय करायचं, हेही विचारलं आहे.

दादा, भुंग्यासाठी म्हणून फवारणी करू नका. अळी सापडली तर वेगळी गोष्ट, त्यावर खाली लिहितोच. मी मधपेट्या सांभाळतो. जालना-परभणी पट्ट्यात कांदा आणि सूर्यफुलाच्या बियाण्याच्या प्लॉटवर परागीभवनासाठी पेट्या लावून देणं हेच माझं काम आहे. त्यामुळे फुलावर कोण बसतं, कसं बसतं आणि उठून गेल्यावर फुलाचं काय होतं, हे बघत राहणं ही रोजची सवय झाली आहे. तुमचं रान मी पाहिलेलं नाही. जमीन खोल काळी आहे की मुरमाड, परतीचा पाऊस किती झाला, वाण कोणतं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. म्हणून नुसतं हो-नाही न सांगता, मी कसा विचार करतो ते मांडतो. तुमच्या रानाला लावून तुम्हीच पाहा.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. भुंगा खरंच फुलातला रस चोरतो का? चोरला तर झाडाचं बी कमी होतं का? आणि तुमची फुलगळ त्या चोरीमुळे आहे का? टेकोमावर पाहिलेली गोष्ट आणि तुरीखालचा सडा तुम्ही एका दोरीत बांधलात. तसं कुणालाही वाटेल. पण तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिल्यापासून घेऊ. हा सुतार भुंगा मधमाश्यांच्याच मोठ्या कुळातला आहे, पण पोळं करत नाही. मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, त्यात परागाचे गोळे ठेवते आणि त्यावर अंडी घालते. आपल्याकडे याच्या बऱ्याच जाती दिसतात. काही पूर्ण काळ्या, पंखांवर निळसर झळाळी असलेल्या, तर काहींच्या मादीच्या पाठीवर पिवळी मखमल असते आणि नर सगळाच पिवळसर असतो. अंगाने दणकट. तोंडाचे काही भाग टणक आणि पात्यासारखे असतात, त्यांनी तो नळीसारख्या फुलाच्या बुडाशी उभी चीर पाडतो, सोंड आत घालतो आणि रस घेऊन जातो. पुंकेसर, कुक्षी सगळं पुढे फुलाच्या तोंडाशी राहतं. भुंग्याच्या अंगाला पराग लागत नाही आणि कुक्षीवर पडतही नाही. मकरंद गेला आणि झाडाच्या पदरात काही पडलं नाही. याला मकरंदचोरी म्हणतात.

टेकोमावर तुम्ही पाहिलंत ते हेच. टेकोमा मूळची अमेरिका खंडातली. तिकडच्या माश्या फुलाच्या तोंडातून आत शिरून काम करतात. फूल तोंडाशी रुंद असलं तरी बुडाकडे निमुळतं होतं, आणि रस असतो तो बुडाशी. जाड अंगाच्या भुंग्याला आत घुसून तिथपर्यंत पोचण्यापेक्षा बाहेरून चिरणं सोपं पडतं. एक गोष्ट करून बघा. ताज्या टेकोमाच्या फुलात गवताची काडी घालून कुक्षीच्या दोन पाकळ्यांना हलकेच लावा. काही सेकंदांत त्या मिटतात. समोरून माशी आत शिरली की तिच्या पाठीचा धक्का लागून हेच होतं. भुंगा बुडाशी चिरून रस पीत असताना त्या फुलाची कुक्षी मात्र उघडीच राहिलेली दिसेल. भेट खरी की चोरीची, हे ओळखायला याहून स्वच्छ खूण मला माहीत नाही.

एकदा चीर पडली की तिचा उपयोग बाकीचेही करून घेतात. मधमाशीचे जबडे गुळगुळीत, चमच्यासारखे असतात. तिला धड चीर पाडता येत नाही, पण आयती मिळाली तर ती सोडत नाही. फुलोरी आणि सातेरी या मधमाश्या, मुंग्या, सगळ्या त्याच भोकातून पितात. सवयही पसरते. युरोपातल्या केसाळ भुंगमाश्यांवर २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या माश्यांना आधीच भोकं पडलेली फुलं मिळाली होती, त्या पुढे न भोसकलेल्या फुलांनाही स्वतः भोकं पाडण्याकडे जास्त वळल्या. म्हणून एखाद्या वर्षी एकाच झाडाची जवळपास सगळी फुलं चिरलेली दिसतात आणि शेजारच्या गल्लीतल्या त्याच जातीच्या झाडाला क्वचित एखादं भोक असतं. शिंजीर पक्षीसुद्धा लांब नळीच्या फुलांना बाजूने चोच खुपसतो.

आता तुरीकडे या. तोच भुंगा तुरीवर आला की त्याचं वागणं बहुतेक वेळा बदलतं. तुरीच्या फुलाला वर एक उभी मोठी पाकळी, बाजूला दोन पंखांसारख्या, आणि खाली होडीसारखी मिटलेली जोडपाकळी. पुंकेसर आणि कुक्षी त्या होडीत झाकलेले असतात. दहा पुंकेसरांपैकी नऊ बुडाशी जुळलेले आणि वरचा एक सुटा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून रसापर्यंत वाट असते. भुंगा समोरून येऊन पंखपाकळ्यांवर बसला की त्याच्या वजनाने होडी खाली दबते, पुंकेसर आणि कुक्षी बाहेर येतात आणि त्याच्या पोटाला घासतात. हे दाबायला जोर लागतो. फुलोरीसारखी हलकी माशी कधी कधी बाजूच्या फटीतूनच सोंड घालून निघून जाते, फूल दबतच नाही. भुंग्याला तो प्रश्न येत नाही. आग्या मधमाशी, पान कापणारी माशी आणि सुतार भुंगा ही तुरीची कामाची मंडळी आहेत. पान कापणारी माशी पोटाखाली पिवळा पराग लिंपून फिरते. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेला अर्धगोल, कात्रीने कापल्यासारखा तुकडा गेलेला दिसला तर ते तिचं काम असतं, त्यावरही फवारायची गरज नाही.

मग बुडाशी सापडलेली भोकं कुणाची? इथे घाई करू नका. दहा-वीस फुलं हातात घेऊन उकलून पाहा. भुंग्याची चीर अरुंद, स्वच्छ, बहुधा उभी असते. तिची कड काही तासांनी तपकिरी पडते आणि फुलाच्या आत सगळं शाबूत असतं. अळीचं भोक गोलसर असतं, कड कुरतडलेली असते, आत पुंकेसर खाल्लेले दिसतात, आणि काळसर किंवा हिरवट विष्ठेचे दाणे सापडतात. कळीलाच भोक असेल तर भुंग्याचा संबंध जवळजवळ नाहीच, कारण मिटलेल्या कोवळ्या कळीत त्याला काही मिळत नाही. ते शेंग पोखरणाऱ्या हिरव्या अळीचं किंवा पिसारी पतंगाच्या अळीचं काम असण्याची शक्यता दाट. फुलं आणि पानं जाळीने एकमेकांना चिकटवून गुच्छ केलेला असेल तर ती मारुका नावाची अळी. पाकळ्याच कुरतडून खाल्ल्या असतील आणि काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे भुंगेरे दिसत असतील तर ते हिंगे. हिंग्यांना उघड्या हाताने धरू नका, अंगातल्या द्रवाने फोड येतात.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या तुरीतली बरीच भोकं अळीची निघतील. भुंगा नजरेत भरतो, आवाज करतो, दुपारच्या उन्हात दिसतो. अळी फुलात दडलेली असते.

तरी समजा, तुमच्या तुरीतही थोडी चोरी होते आहे. तीही नाकारत नाही, फुलं दाट असली आणि भुंगे जास्त असले की काही जण बाजूने घुसणारच. मग दुसरा प्रश्न येतो, झाडाचं नुकसान किती? या प्रश्नाकडे माणसं दीडशे वर्षांहून जास्त काळ बघताहेत. बुडाशी भोकं पाडलेल्या फुलांची निरीक्षणं डार्विनने १८७६ साली सविस्तर लिहून ठेवली. तेव्हापासून साधा समज असा की चोरी म्हणजे नुकसान. पण मोजायला बसल्यावर उत्तर दर झाडागणिक वेगळं येत गेलं.

नुकसानीचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरातलं आहे. तिथे तांबड्या लांब नळीच्या फुलांचं एक रानझाड आहे, त्याचं परागीभवन गुंजन पक्षी करतात. भुंगमाश्या बुडाशी भोकं पाडून रस नेतात. रिबेका अर्विन आणि अ‍ॅलिसन ब्रॉडी यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं की ज्या झाडांची बहुतेक सगळी फुलं लुटली गेली, तिथे पक्षी कमी थांबायला लागले आणि बी सुमारे निम्म्यावर आलं. पण हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आणणारा पक्षीच रुसला, तर त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो.

जॉर्जिया राज्यातल्या ब्लूबेरीच्या बागांतलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे मधपेट्या होत्या. सुतार भुंग्यांनी फुलांना चिरा पाडल्या आणि पेट्यांतल्या मधमाश्या पुढच्या तोंडाने जायचं सोडून त्या चिरांवरच पिऊ लागल्या. फळातल्या बिया घटल्या. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. इथे भुंग्याने नेलेल्या रसाहून मोठं नुकसान झालं ते मधमाश्यांची वाट बदलल्यामुळे. पेट्या लावणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवायलाच हवं, आणि मी ठेवतो.

याच्या उलटही सापडलं. स्पेनच्या वायव्य भागात तुरीच्याच कुळातल्या एका छोट्या रानवनस्पतीवर २००० साली लुईस नवारो यांनी पाहिलं, की भोकं पाडलेल्या फुलांना फळं जास्त लागली. चोरटी माशी फुलावर बसून खुडबुड करताना तिचं अंग पुंकेसर-कुक्षीला घासत होतं. म्हणजे चोरी करता करता तिने परागीभवनही उरकलं. आणखी एक गोष्ट होते. रस थोडा कमी मिळाला की बाकीच्या माश्या एकाच झाडावर रेंगाळत नाहीत, लवकर दुसऱ्या झाडावर जातात. त्यामुळे पराग लांबवर जातो. ज्या झाडाला परका पराग हवा असतो, त्याचा यात फायदा होऊ शकतो.

चीर कुठे पडते हेही पाहावं लागतं. भुंग्याने फक्त नळी चिरली तर जखम वरवरची. पण खालचा बीजकोश किंवा रसाची ग्रंथी दुखावली तर ते फूल गेलंच. काही फुलांत बीजकोशाभोवती जाड पेला असतो, तिथे तो वाचतो. काहींत तो अगदी पाकळीला चिकटून असतो. शिवाय गेलेला रस झाड पुन्हा भरतं, त्यात साखर खर्च होते. तगड्या, ओलीवरच्या झाडाला तो खर्च जाणवत नाही, तहानलेल्या झाडाला जाणवू शकतो.

हे सगळं ध्यानात घेऊन मी कुठल्याही पिकाला आधी एकच गोष्ट विचारतो: या झाडाला बी धरायला कमी काय पडतंय, पराग की अन्नपाणी? पराग कमी पडत असेल आणि तोही परक्या झाडाचाच लागत असेल, तर मकरंदचोरी महागात पडू शकते. पराग पुरेसा असेल आणि पाणीच कमी असेल, तर भुंगा आला काय, गेला काय, शेंगांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. वेगवेगळ्या वनस्पतींवरचे अभ्यास एकत्र मांडून २००७ साली जो आढावा आला, त्याचा रोखही याच बाजूचा होता.

आपल्या शिवारातली पिकं या कसोटीवर लावून बघा. हरभरा आणि भुईमूग फूल उमलायच्या आधीच किंवा उमलता उमलता स्वतःचं परागीभवन उरकतात, त्यांना चोरीने काही फरक पडत नाही. कांदा, सूर्यफूल, भोपळा, काकडी यांच्या फुलांत रस उघड्यावर किंवा सहज हाती येईल असा असतो, बुडाशी चिरायचं कारणच नाही. तिथे माझी काळजी माश्या कमी येण्याची असते. कपाशीत मधमाशी फुलाच्या मागे, पात्याच्या बुडाशी बसलेली दिसते आणि लोकांना वाटतं चोरी चाललीय. पण कपाशीने पानामागे आणि पात्याच्या बाहेरही रसाच्या ग्रंथी ठेवल्या आहेत, तिथला रस घेतला तर फुलाचं काही जात नाही. तीळ नळीसारख्या फुलाचा, तिथे लक्ष ठेवावं, पण तोही बराचसा स्वतःच्या परागावर निभावून नेतो.

आणि तूर? तुरीचे परागकोश कळीतच, फूल उमलण्याआधी फुटतात. कापडी जाळीने झाकलेल्या तुरीलाही शेंगा लागतात. माश्यांमुळे परका पराग येतो, त्याचं प्रमाण जागेप्रमाणे खूप बदलतं, सरासरी साधारण पाचवा हिस्सा धरतात. म्हणून तुम्ही घरचं बियाणं ठेवत असाल आणि बांधापलीकडे वेगळं वाण असेल, तर भुंग्याचा विचार तिथे जरूर करा. तुमची बीडीएन-७११ सारख्या वाणाची पांढरी तूर असेल, तर ती आणि शेजारची लाल तूर मिसळून जाऊ शकते. भुंग्यामुळे तूर उत्पादकाला होणारी खरी अडचण हीच. बियाण्यासाठी रानाच्या मधल्या भागातली झाडं निवडा, कडेची नको.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे फुलगळीला, मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण पैसे तिथे जातात. तूर जेवढी फुलं काढते, त्यातली ८० ते ९० टक्के गळतातच. चांगल्या पिकातही. झाड भरपूर फुलं काढतं आणि हाताशी असलेल्या अन्नपाण्यावर जेवढ्या शेंगा पोसतील तेवढ्याच ठेवतं. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात मुद्दाम फुलं आणि कोवळ्या शेंगा खुडून पाहिल्या. १९७९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. काही आठवडे फुलं खुडली तरी झाडांनी पुढच्या बहरातून बरीचशी भरपाई करून घेतली होती. माणसाने हाताने खुडलेली फुलं झाड भरून काढतं, तर भुंग्याने चिरलेली चार फुलं किती वजनाची?

यात एक अट आहे. भरपाई करायला झाडाकडे वेळ आणि ओल हवी. खोल काळ्या रानात दिवाळीनंतरही खाली ओल असते, तिथे दुसरा बहर येतो. मुरमाड, उथळ रानात परतीचा पाऊस हुकला की पहिला बहर गेला तो गेलाच. तुमचं रान दुसऱ्या प्रकारचं असेल तर फुलगळीची काळजी रास्त आहे, पण उपाय भुंगा मारण्यात नाही. विहिरीला किंवा बोअरला पाणी असेल तर फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक संरक्षित पाणी द्या. एक सरी आड देऊन भागवलं तरी चालेल, पण रान फार भेगाळू देऊ नका. ढगाळ हवामान आणि सकाळची धुई चार-पाच दिवस टिकली की फुलं झडतात, हे तुम्ही दरवर्षी पाहताच. त्या दिवसांत माश्याही कमी फिरतात, म्हणजे भुंगा कमी आणि फुलगळ जास्त. फुलगळ भुंग्यामुळे असती तर हे उलटं दिसलं असतं.

सड्यातली फुलंही नीट बघा. तुरीचं फूल देठासकट, बीजकोशासकट पडलं असेल तर ती खरी फुलगळ. टेकोमाखाली जो पिवळा सडा पडतो तो नुसत्या नळ्यांचा असतो. बीजकोश झाडावरच राहतो आणि पुढे त्याची लांब शेंग होते. चिरलेल्या नळ्या जमिनीवर दिसल्या म्हणून टेकोमाचं बी बुडालं असं होत नाही. तुमच्या दारातल्या झाडावर आत्ता किती शेंगा लोंबताहेत ते मोजा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

माझ्या शब्दावर विसंबायचं नसेल तर पडताळा तुमच्याच रानात घेता येतो. रंगीत दोऱ्याच्या दोन गुंड्या घ्या. एकाच झाडावर, एकाच दिवशी उमललेली फुलं निवडा. बुडाशी चीर असलेल्या फुलांच्या देठाला लाल दोरा, शाबूत फुलांच्या देठाला पांढरा. अळीचं भोक असलेली फुलं यात घेऊ नका. असं पंधरा-वीस झाडांवर करा आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणत्या दोऱ्याला किती शेंगा उरल्या ते मोजा. तुलना एकाच झाडावरच्या फुलांची करायची, हे महत्त्वाचं. भुंगा भरपूर रसाची, तगड्या झाडावरची फुलं निवडतो. एका झाडावरची चिरलेली आणि दुसऱ्यावरची शाबूत अशी तुलना केलीत तर चिरलेल्या फुलांना शेंगा जास्त दिसतील आणि चीर फायद्याची वाटेल. भले भले अभ्यासक या ठिकाणी फसतात.

आता फवारणी. आधी झाडाखाली पोतं किंवा जुनी चादर पसरा आणि झाड जोरात हलवा. अळ्या खाली पडतात, त्या मोजा. रानात चार ठिकाणी करा. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले असतील तर पतंग किती येतात ते बघा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेली नुकसानीची पातळी, म्हणजे किती अळ्या दिसल्या की फवारायचं तो आकडा, ओलांडली असेल, तर अळीसाठी फवारणी करावीच लागेल, मी तिला विरोध करणार नाही. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, पक्षी बसायला टी आकाराचे थांबे, हे आधी. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. दोन-तीन औषधं आणि टॉनिक एकाच पंपात कालवून मारू नका. तुरीचं फूल दुसऱ्या दिवशीही उघडं असू शकतं, त्यामुळे संध्याकाळच्या फवारणीनेही धोका शून्य होत नाही, पण पुष्कळ कमी होतो. आणि शेजारी कुणाच्या मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी एक फोन करा. एवढ्याने पेट्या वाचतात.

भुंग्यासाठी म्हणून भर दुपारी मारलेलं औषध त्या एका भुंग्यावर थांबत नाही. आग्या मरतो, पान कापणारी माशी मरते, अळीच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशीच्या कुळातली बारीक चिलटं मरतात. आणि अळी फुलात, शेंगेत सुरक्षित राहते. आठ-दहा दिवसांनी अळी वाढलेली दिसते आणि दुसरी फवारणी डोक्यावर येते. बांधाच्या पलीकडे कुणाचा कांदा बियाण्याचा प्लॉट असेल, तर त्याच्या पुढच्या हंगामातल्या माश्याही तुम्ही कमी करून ठेवता. माझं पोट या माश्यांवर आहे, म्हणून हे जास्त तळमळीने लिहितोय हे खरं. पण हिशेब तुमच्या बाजूनेही तोच येतो.

वाशांबद्दल. सुतार भुंगा सहसा रंग किंवा तेल न लावलेलं, वाळलेलं, मऊ लाकूड निवडतो. सागाच्या जुन्या कठीण वाशापेक्षा साध्या लाकडाचे वासे आणि बांबू त्याला आवडतात. तो लाकूड खात नाही, भुसा खाली टाकतो, म्हणून वाळवीसारखा सगळा वासा पोकळ होत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच जागी बोगदे वाढत गेले तर लाकूड कमजोर होतं. भोकात हालचाल नाही, ताजा भुसा पडत नाही, अशी खात्री झाली की भोक लाकडाचा भुसा आणि डिंकाने बुजवा आणि वाशाला जवसाच्या तेलाचे किंवा रंगाचे दोन हात द्या. भोकात रॉकेल ओतणं, धूर करणं हे करू नका, घराला आग लागण्याचा धोका त्यात जास्त. त्याच वेळी बांधावर सावलीच्या जागी वाळलेल्या बांबूचे हातभर तुकडे, एक टोक उघडं आणि दुसऱ्या टोकाला पेर बंद, जुडी बांधून आडवे टांगा. भुंगे तिकडे वळायला एखादा हंगाम लागतो. जुडी घरापासून लांब आणि तुरीच्या रानाच्या कडेला असली तर उत्तम, आणि पाऊस थेट आत जाणार नाही अशा बेताने तोंड थोडं खाली झुकवून बांधा.